चुका आपोआप थांबल्या तिथेच बॅकअप थांबला: आरसिंक, फॅट३२ आणि आपला ‘ऱ’

सगळ्यात आधी एक करा: आज रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) बंद ठेवा आणि आरसिंकच्या ‘--डिलीट’ला, म्हणजे मूळ जागी नसलेलं बॅकअपमधून पुसणाऱ्या पर्यायाला, अजिबात हात लावू नका. मग बाकीचं निवांत वाचा. कमांडी मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन (वेगळं सांगितलं नसेल तर लहान) अक्षरांत द्यायच्या.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. लॅपटॉपवर उबुंटू आहे. घरच्या जमिनीचे सातबारे, फेरफार, खरेदीखतं आणि जुने फोटो स्कॅन करून ‘दस्तऐवज’ फोल्डरात ठेवलेत, सगळे मिळून ४० जीबी. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) क्रॉन रोज रात्री २ वाजता ‘आरसिंक -एव्ही’, म्हणजे बदललेल्या फाइली शोधून कॉपी करणारं टूल, चालवून ते बाहेरच्या डिस्कवर, /मीडिया/मी/बॅकअप/ इथे उतरवतो. काही महिने रोज निम्म्या फाइली विनाकारण पुन्हा कॉपी व्हायच्या आणि शेवटी ‘कोड २३’ यायचा. गेल्या मंगळवारपासून दोन्ही आपोआप थांबलं, लॉग स्वच्छ आहे. आता फक्त डिस्कवर झालेला डबल पसारा काढायचाय, आणि त्यासाठी ‘--डिलीट’ चालेल का, हा तुमचा प्रश्न. जाता जाता तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात: डिस्क हल्ली ‘बॅकअप१’ नावाने उघडते, आणि लॅपटॉपची जागा एकदम कमी झाली.

माझ्या मते खरी अडचण त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीतच आहे. मंगळवारपासून तुमचा बॅकअप डिस्कवर जातच नाहीये. लॅपटॉपचा डेटा लॅपटॉपवरच दुसऱ्या फोल्डरात कॉपी होतोय.

कसं, ते सांगतो. सोमवारी रात्री कधीतरी डिस्क जोडलेली नव्हती. २ वाजता क्रॉन चालला. आरसिंकला पोचवायची जागा सापडली नाही, तर मार्गातलं शेवटचं एक फोल्डर तो स्वतः तयार करतो. रूटचे अधिकार असल्यामुळे त्याने /मीडिया/मी/ च्या आत ‘बॅकअप’ नावाचं साधं फोल्डर बनवलं आणि ४० जीबी त्यात ओतले. सकाळी तुम्ही डिस्क जोडलीत, तेव्हा उबुंटूला ते नाव आधीच घेतलेलं दिसलं, म्हणून त्याने डिस्क ‘बॅकअप१’ म्हणून जोडली. क्रॉनला यातलं काही कळत नाही, तो इमानेइतबारे जुन्याच मार्गावर लिहितोय. चुका थांबल्या त्याही याचमुळे, कारण त्या चुका त्या डिस्कच्या फाइलसिस्टिममुळे (डिस्कवर फाइली साठवायच्या पद्धतीमुळे) येत होत्या.

खात्री करायला ‘डीएफ -टी’ (टी मोठ्या लिपीतला) द्या आणि पुढे /मीडिया/मी/बॅकअप हा मार्ग. प्रकार ‘ईएक्सटी४’ आला तर ती लॅपटॉपची डिस्क. मग तेच ‘बॅकअप१’साठी करा. तिथे ‘व्हीफॅट’ (फॅट३२चं लिनक्समधलं नाव) दिसेल असं मी आत्ताच सांगतो, आणि ते कशावरून, तर तुमच्या ‘निम्म्या’ या शब्दावरून.

फाइल बदललीय का हे ठरवताना आरसिंक आतला मजकूर वाचत नाही. आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढंच ताडून पाहतो. फॅट३२ मध्ये ही वेळ २ सेकंदांच्या पटीतच साठते. म्हणजे १० वाजून १५ मिनिटं ७ सेकंदांनी सेव्ह केलेला सातबारा डिस्कवर ६ सेकंदांचा होऊन बसतो. रात्री आरसिंक पाहतो: इकडे ७, तिकडे ६, म्हणजे बदलली. तो पुन्हा कॉपी करतो, पुन्हा ६ होतात, दुसऱ्या रात्री तेच. सेकंदाचा आकडा सम असलेल्या फाइली सुटतात, विषम असलेल्या रोज जातात. म्हणून निम्म्या. सगळ्याच्या सगळ्या जात असत्या तर मी म्हटलं असतं की ‘-टी’ द्यायचा राहिलाय आणि वेळ जपलीच जात नाहीये.

हे तुम्हाला स्वतःला पाहता येतं. कमांडमध्ये ‘-एन’ आणि ‘-आय’ घाला. ‘-एन’ म्हणजे काही करू नको, फक्त काय करणार ते सांग. आणि ‘-आय’ प्रत्येक फाइलमागे ११ चिन्हांची एक पट्टी छापतो. पहिलं चिन्ह दिशा, दुसरं फाइल की फोल्डर, मग क्रमाने मजकूर, आकार, वेळ, परवानग्या, मालक, ग्रुप वगैरे. जागा बदललेली नसेल तर तिथे टिंब. तुमच्याकडे ‘>एफ..टी......’ अशी पट्टी येईल (‘एफ’ आणि ‘टी’ ही तिथे एकेकच रोमन अक्षरं असतात). फक्त पाचव्या जागेवर ‘टी’, म्हणजे आकार तोच, वेळ तेवढी वेगळी. नवीन फाइल असेल तर ‘>एफ’च्या पुढे नऊ अधिक चिन्हं येतात. आरसिंकबद्दल एकच गोष्ट शिकायची असेल तर ही पट्टी वाचायला शिका. मी वीस वर्षं हे वापरतोय आणि मोठ्या कामाआधी आजही ‘-एनआय’ दिल्याशिवाय एंटर दाबत नाही.

यावरचा उपाय ‘--मॉडिफाय-विंडो=१’. एका सेकंदाचा फरक माफ कर, एवढाच त्याचा अर्थ.

कोड २३ म्हणजे ‘काही फाइली किंवा त्यांचे गुणधर्म गेले नाहीत’. ‘-ए’ मध्ये मालक, ग्रुप आणि परवानग्या जपणं येतं, आणि फॅट३२ मध्ये मालक ही कल्पनाच नाही. रूट म्हणून चालवलं की आरसिंक मालक बदलायला जातो, नकार मिळतो, आणि तो प्रत्येक फाइलमागे तक्रार लिहितो. तुमच्या स्कॅन फाइली त्यात सुखरूप असतात. पण रोज दिसणारा कोड २३ अंगवळणी पडतो आणि खरोखरची चूक त्याच गर्दीत लपते, म्हणून तो घालवायलाच हवा. ‘-ए’ऐवजी ‘-आरटी’ द्या आणि काम रूटच्या क्रॉनमधून काढून स्वतःच्या क्रॉनमध्ये घाला. तुमचेच कागद आहेत, रूट कशाला हवा?

आता डबल पसारा. ‘दस्तऐवज’ असं दिलं की ते फोल्डर नावासकट जातं. ‘दस्तऐवज/’ असं शेवटी तिरकी रेघ लावून दिलं की त्याच्या आतलं सामान तेवढं जातं. क्रॉनमध्ये तुम्ही रेघ दिलेली नाही. एकदा हाताने चालवताना मात्र टॅब दाबून नाव पूर्ण केलं असणार, आणि बॅश (टर्मिनलमध्ये कमांडी घेणारा प्रोग्राम) फोल्डरच्या नावापुढे ही रेघ स्वतःहून लावतो. म्हणून एक प्रत ‘दस्तऐवज’च्या आत आणि दुसरी डिस्कवर मोकळी सांडलेली.

‘--डिलीट’ नको म्हटलं ते याचसाठी. रेघेशिवाय दिलंत तर तो फक्त डिस्कवरच्या ‘दस्तऐवज’च्या आत साफसफाई करेल, बाहेरच्या पसाऱ्याला शिवणारही नाही. रेघेसह दिलंत तर मूळ फोल्डरात जे नाही ते सगळं डिस्कवरून उडवेल. तुम्ही लिहिलंय की त्याच डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ आहेत. ते जातील, आणि कुठल्या ट्रॅशमध्येही सापडणार नाहीत. माझ्या हातून असंच धाकट्या भावाच्या मुंजीचे फोटो गेले, एका रेघेपायी. नातेवाइकांकडून प्रिंट मागवून पुन्हा स्कॅन केले, तरी अर्धे मिळालेच नाहीत. पसारा हातानेच काढा, फाइल मॅनेजरमधून, एकेक फोल्डर बघून.

लॉगमधल्या \#३४०\#२४४\#२२५ ची काळजी करू नका. तो ‘क’ आहे. यूटीएफ-८ (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रासुद्धा, तीन बाइटची असते आणि हे त्या तीन बाइटचे अष्टमान आकडे. क्रॉनमध्ये भाषेची सेटिंग बहुधा नसते, त्यामुळे आरसिंकला ते छापण्याजोगे वाटत नाहीत. ‘-८’ दिलं की नावं मराठीत उमटतात.

राहिलं तुमचं ‘कऱ्हाड’, जे एकाच नावाने दोनदा दिसतं. यात आरसिंकची काही चूक नाही, हा आपल्या लिपीचा प्रश्न आहे. ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असं जोडून. शिवाय अर्ध्या ‘र’साठी बरेच जण र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं टंकतात. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, लिनक्सला ती तीन वेगळी नावं वाटतात. तुमच्या चुलतभावाने काही फोटो जुन्या मॅकवरून दिले म्हणालात ना? मॅकची जुनी एचएफएस+ ही फाइलसिस्टिम नावं साठवतानाच अक्षरं सुटी करते, त्यामुळे तिकडून आलेला ‘ऱ’ म्हणजे र अधिक नुक्ता. दऱ्या, किनाऱ्यावर, पायऱ्या, तऱ्हा, ज्या नावात हा ‘ऱ’ असेल तिथे हे होऊ शकतं.

तपासायला त्या फोल्डरांच्या ठिकाणी ‘एलएस’चं आउटपुट ‘ओडी -सी’कडे द्या. ३४० २४४ २६१ दिसलं तर अखंड ‘ऱ’. ३४० २४४ २६० आणि लगेच ३४० २४४ २७४ दिसलं तर र आणि नुक्ता. कुठे ३४२ २०० २१५ सापडलं तर ते अदृश्य जोडचिन्ह. नुक्त्याचा प्रकार ‘कन्व्हएमव्ही’ हे छोटं टूल ‘--एनएफसी’ देऊन सरळ करतं. ‘--नोटेस्ट’ दिल्याशिवाय ते काही बदलत नाही, हे त्याचं मला फार आवडतं. मात्र दोन्ही फोल्डरं एकाच जागी असतील तर आधी आतल्या फाइली एकात हलवा, नाव नंतर. जोडचिन्हाचा प्रकार कन्व्हएमव्हीला कळत नाही, तिथे नाव हाताने पुन्हा टंकावं लागेल. आणि हे सगळं मूळ लॅपटॉपवर करायचं, बॅकअपवर नाही.

आता क्रम. डिस्क नीट अनमाउंट करून काढा. /मीडिया/मी/ मध्ये तरीही उरलेलं ‘बॅकअप’ फोल्डर पुसू नका, ‘सुडो एमव्ही’ने नाव बदलून दुसरीकडे ठेवा. डिस्क पुन्हा जोडा आणि ती ‘बॅकअप’ नावानेच उघडली का पाहा. मग क्रॉनमध्ये हे:

माउंटपॉइंट -क्यू /मीडिया/मी/बॅकअप && आरसिंक -आरटीव्ही८ --मॉडिफाय-विंडो=१ /होम/मी/दस्तऐवज/ /मीडिया/मी/बॅकअप/दस्तऐवज/

पहिला भाग डिस्क खरोखर जोडलेली असेल तरच पुढे जाऊ देतो. पोचवायचा मार्ग एक पायरी आत नेलाय तोही मुद्दाम: डिस्क नसेल तर आरसिंकला दोन फोल्डरं बनवावी लागतील, आणि तो एकच बनवतो, त्यामुळे तो चूक दाखवून थांबेल. रेघ दोन्हीकडे आहे, ती काढू नका. लग्नाचे व्हिडिओही पुढे यातून पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही. टीव्हीला डिस्क लावायची गरज नसेल तर सवडीने सगळं दुसरीकडे उतरवून ती ईएक्सटी४ करा, मग मॉडिफाय-विंडोही नको.

क्रॉन चालू करण्याआधी हीच कमांड हाताने ‘-एनआय’ घालून चालवा. मंगळवारनंतर स्कॅन केलेल्या फाइली नऊ अधिक चिन्हांसह दिसायला हव्यात, बाकी यादी जवळजवळ रिकामी. ‘कऱ्हाड’मधल्या फाइली त्यात दिसल्या तर थांबा आणि त्या ओळी, सोबत ‘ओडी’चं आउटपुट, मला पाठवा. बाजूला ठेवलेलं ४० जीबीचं फोल्डर तोवर तसंच राहू द्या.