मॉरिशसच्या किनाऱ्यावरची एक संध्याकाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई-वडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त येत्या जुलैमध्ये आम्ही मॉरिशसला जाणार आहोत. एक संध्याकाळ अगदी समुद्राला लागून असलेल्या चांगल्या, देखण्या रेस्टॉरंटमध्ये घालवावी, सूर्यास्त पाहावा आणि मग जेवावे, असा बेत आहे. वडील मासे आवडीने खातात. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे दुखतात. अशा ठिकाणी पैशाचे चीज होते का? कोठे, किती वाजता जावे आणि काय मागवावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैशाचे चीज नक्की होते, मात्र वेळ, किनारा आणि पदार्थ या तीन गोष्टी आपण घरूनच ठरवून घेतल्या पाहिजेत. त्या वाढप्यावर सोडल्या, तर बिल तेवढेच येते आणि संध्याकाळ मात्र साधारण होते.

आधी वेळ. जुलै हा तेथील हिवाळा असतो आणि सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान मावळतो. रात्रीच्या जेवणासाठी स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी साडेसहा-सात वाजता सुरू होते. म्हणजे ‘सूर्यास्ताच्या वेळचे टेबल’ समजून आपण सात वाजता पोहोचलात, तर समोर काळोख आणि लाटांचा आवाज एवढेच उरते, कारण उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. टेबल राखून ठेवतानाच विचारावे की, पाच वाजता येऊन बाहेरच्या बाजूस बसता येईल का, आणि त्या वेळी खायला काय मिळेल. ‘गातो पिमाँ’ मिळाले तर जरूर मागवावेत. वाटलेल्या डाळीत मिरची, कांदापात आणि कोथिंबीर घालून तळलेले हे लहान गोळे आपल्या डाळवड्यांच्या इतके जवळचे आहेत की, आपल्या आईंना पहिल्याच घासाला ओळख पटेल.

किनारा पश्चिमेचाच निवडावा : फ्लिक-आँ-फ्लाक, तामारँ किंवा ल मॉर्न. सूर्य तिकडे मावळतो हे एक कारण झाले; परंतु जुलैपुरते त्याहून मोठे कारण वाऱ्याचे आहे. मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर जोरात वाहतात, तर पश्चिम किनारा बराचसा मधल्या डोंगरांच्या आडोशाला राहतो; नैऋत्य टोकाच्या ल मॉर्नला मात्र वारा लागू शकतो. एका जुलैमध्ये मी पूर्वेकडील एका सुंदर ठिकाणी जेवायला बसले होते. मेणबत्ती तीनदा विझली, हातरुमाल उडून गेला आणि सूप टेबलावर येईपर्यंत कोमट झाले. ल मॉर्नला गेलात, तर मागे ५५६ मीटर उंचीचा, समुद्रातून सरळ वर चढलेला कडा दिसेल. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी त्याच्या आश्रयाला राहून स्वातंत्र्य जपले, म्हणून २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचे स्थान दिले. जेवणाआधी वडिलांना ही हकिकत अवश्य सांगावी. त्या कड्याकडे मग नुसती पार्श्वभूमी म्हणून पाहता येत नाही.

गुडघ्यांचा उल्लेख आपण केलात हे फार बरे झाले. छायाचित्रांत वाळूवर मांडलेली टेबले मोहक दिसतात, पण वजन पडताच खुर्चीचे मागचे पाय वाळूत रुततात आणि वयस्कर माणसाला उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. लाकडी फळ्यांच्या ओट्यावरचे, कठड्याजवळचे टेबल मागून घ्यावे. पाणी तेवढेच जवळ दिसते. एक शाल सोबत असू द्यावी.

आता पदार्थ. माझे स्पष्ट मत असे की, अशा ठिकाणी बाहेरून आणलेला सामन मासा किंवा कुठेही मिळणारा पास्ता मागवू नये. ज्या पाण्याकडे पाहत आपण बसलो आहोत, त्या पाण्यातले खावे. ‘आज स्थानिक मासा कोणता आला आहे?’ असे विचारावे. कापितेन किंवा व्हिएय रूज यांपैकी काही ताजे असेल, तर ते भाजून, सॉस वेगळा ठेवून मागवावे. यादीत ‘व्हँदाय’ दिसले, तर वडिलांसाठी तेच घ्यावे. तळलेल्या माशाचे तुकडे हळद, भरडलेली मोहरी, लसूण, व्हिनेगर, छोटे कांदे आणि हिरव्या मिरच्या यांत मुरवतात. मोहरीचा झणका आधी नाकात जातो, आंबटपणा मागून येतो आणि मासा पिवळाधमक होऊनही घट्ट राहतो. गोव्याच्या विंदालूशी त्याचे नाते आहे. मात्र येथे रस्सा नसतो, आणि करून ठेवलेले व्हँदाय दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते. लॉब्स्टरचा भाव अनेकदा दर शंभर ग्रॅमला लिहिलेला असतो. म्हणून वजन करून एकूण रक्कम विचारल्याशिवाय होकार देऊ नये. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

आईंसाठी ताज्या पामच्या गाभ्याची कोशिंबीर मागवावी. एका गाभ्यासाठी अख्खे झाड तोडावे लागते, म्हणून तिला ‘लक्षाधीशाची कोशिंबीर’ म्हणतात. तिची चव कोवळ्या शहाळ्याच्या मलईच्या आणि कच्च्या बदामाच्या मधोमध कुठेतरी असते. परंतु तिच्यावर धुरावलेला मार्लिन मासा किंवा कोळंबी घालण्याची पद्धत आहे, हे आधीच थांबवावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. माशाचे पाणी, ऑयस्टर सॉस आणि अंडे यांची नावे घेऊन नकार सांगावा. त्या बेटावरची जवळजवळ निम्मी माणसे हिंदू आहेत आणि उपवासाच्या, अभक्ष्य वर्ज्य करण्याच्या दिवसांना तेथील क्रेओल बोलीत ‘कारेम’ म्हणतात. हा एक शब्द उच्चारला की, स्वयंपाकघराला नेमके काय हवे ते बहुधा लगेच कळते. तरीही हे आदल्या दिवशी फोनवर कळवलेले बरे, म्हणजे आईंच्या ताटात उकडलेल्या भाज्यांऐवजी विचारपूर्वक केलेला पदार्थ येईल. चाळीस वर्षे इतरांसाठी रांधलेल्या बाईंना त्या संध्याकाळी दुय्यम ताट मिळू नये, एवढे आपण पाहावेच.

बिलात १५ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला आहे की वर लागणार, हे यादीच्या तळाशी वाचावे. बक्षिशीची सक्ती नसते. पुरुषांनी संध्याकाळी पूर्ण लांबीची विजार घालावी. अर्ध्या चड्डीवर अनेक हॉटेले आत घेत नाहीत.

प्रश्न : आमच्या पॅकेजमध्ये रात्रीचे जेवण हॉटेलमध्येच आहे. तरी बाहेर जावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एकदा जावे. त्याआधी आपल्याच हॉटेलचे किनाऱ्यावरचे वेगळे रेस्टॉरंट फरकाची रक्कम भरून मिळते का, ते विचारावे. पुष्कळदा मिळते आणि रात्रीचा प्रवास वाचतो.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये जात आहोत. तेथील ऑक्टोपसची कोशिंबीर फार नावाजलेली आहे. ती कोठे चांगली मिळेल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : या खेपेस ती सोडून द्यावी, असे मी सुचवीन. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात तेथे ऑक्टोपस पकडण्यास बंदी असते. पावसाळ्यातली मासेमारीबंदी रत्नागिरीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. मॉरिशसच्याच अखत्यारीतील रॉड्रिग्ज बेटावर ही प्रथा २०१२ मध्ये सुरू झाली. तेथे ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून टोकदार काठीने ऑक्टोपस पकडणाऱ्या स्त्रियांनी दोन महिने हात आवरले, तेव्हा नंतर त्यांना अधिक वजनाचे प्राणी मिळाले. सप्टेंबरमध्ये ताटात आलेला ऑक्टोपस गोठवलेला तरी असेल, नाहीतर चोरून पकडलेला. त्याऐवजी धुरावलेला मार्लिन मागवावा. पातळ कापलेल्या फोडींवर लिंबू पिळून तो उत्तम लागतो.