पगाराचा आकडा आणि हाती येणारी रक्कम

प्रश्न : नियुक्तीपत्रात वार्षिक वेतन 6 लाख रुपये लिहिले आहे, परंतु बँकेत दरमहा 50 हजार जमा होत नाहीत. ही फसवणूक आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. तो आकडा कंपनीला आपल्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, म्हणजे सीटीसीचा असतो. त्यात मूळ वेतन व भत्त्यांबरोबरच भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा, सर्वसाधारणपणे 12 टक्के असलेला वाटा, गटविम्याचा हप्ता आणि ग्रॅच्युइटीची, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, तरतूदही अनेकदा धरलेली असते. भविष्य निर्वाह निधीतील आपला स्वतःचा वाटा पगारातून वेगळा कापला जातो. ग्रॅच्युइटीबाबत मात्र सावध राहावे, कारण कायम कर्मचाऱ्याने सलग 5 वर्षे पूर्ण होण्याआधी राजीनामा दिल्यास ती सहसा मिळत नाही. तरीही ती पहिल्या वर्षापासून आकड्यात मिळवणे मला अन्यायकारक वाटते. नोकरी स्वीकारण्यापूर्वी मासिक वेतनाचा तपशील लेखी मागून घ्यावा.