'मर्मेड'मधला 'मर' : नव्या अभ्यासकास सल्ला

जुन्या इंग्रजीतील सागरी मिथकांचे शब्द वाचताना आजच्या इंग्रजीवर विसंबू नका. 'मर्मेड' (मत्स्यकन्या) या शब्दातील 'मर' म्हणजे जुना 'मेरे'. त्याचा अर्थ समुद्रही होतो आणि तळेही, म्हणूनच 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या, ग्रेंडेल या राक्षसाच्या आईला 'मेरेवीफ' म्हटले आहे, आणि तिथे मत्स्यकन्या डोळ्यांपुढे आणली की सगळा भयंकर प्रसंग हास्यास्पद होतो. यातील 'वीफ' म्हणजेही बायको नव्हे, केवळ स्त्री. 'निकोर' म्हणजे जलराक्षस; पण अलेक्झांडरने अॅरिस्टॉटलला लिहिले असे मानल्या गेलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी अनुवादात तोच शब्द पाणघोड्यांसाठी योजला आहे (अनुवादकाने बिचाऱ्याने पाणघोडा कुठे पाहिला असणार!). 'ह्रोनराड', अर्थात देवमाशांची वाट, हा मात्र प्राणी नसून साक्षात समुद्रच आहे, तेव्हा असा सामासिक शब्द आधी फोडावा आणि मगच कोश उघडावा.