तयार पात्याला लाकडी मूठ बसवायची आहे, लाकूडकामाचा अनुभव नाही. सुरुवात कशी करू?

तुम्ही स्वयंपाकाच्या सुरीचं तयार पातं मागवलंय, पुण्यात राहता आणि घरी हँड ड्रिल आहे, असं प्रश्नात लिहिलंय. एवढ्यावर नक्की जमेल. मात्र मूठ चांगली होणार की बिघडणार, हे अरल्डाइट कालवण्याआधीच ठरतं. म्हणून घाई करायची नाही.

आधी पातं नीट बघा. मुठीच्या भागात भोकं असली तर उत्तम. नसतील तर पातं बदलून घ्या, कारण पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या, पोलादात घरच्या ड्रिलचं साधं बिट शिरत नाही, त्याचीच धार जाते.

लाकडासाठी माझं मत शिसवाला. घट्ट असतं, कड नीट धरतं. साग चालेल, पण तो तेलकट, त्यामुळे चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसावाच लागतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तुकडे मिळतात, पण मला जास्त भरवसा जुन्या बाजारातल्या मोडक्या खुर्चीच्या पायावर वाटतो. ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. पावसाळ्यात घेतलेलं ओलसर लाकूड लगेच बसवलंत, तर उन्हाळ्यात ते आक्रसतं आणि पात्याची पोलादी कड तळहाताला लागू लागते. पात्याच्या मुठीच्या भागाला दोन्ही बाजूंनी लावायला साधारण १० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या लागतील, एकाच तुकड्यातून कापलेल्या, म्हणजे दोन्हीकडचे रेषे जुळतात. पितळी सळई, क्लॅम्प आणि पॉलिश पेपर बोहरी आळीत मिळून जातील. सळईचे तुकडे भोकांतून आरपार जाऊन पट्ट्या धरून ठेवतात, म्हणून ती भोकांच्या मापाचीच घ्या.

आता खरं काम. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि पट्टीची आतली बाजू त्यावर घासा. मग पट्टी पात्याला लावून खिडकीकडे धरा. कुठूनही उजेड दिसला तर परत घासा. या फटीत पुढे पाणी जातं आणि गंज आतून चढतो. ती फट अरल्डाइटने भरून निघेल अशा भरवशावर राहू नका.

नंतर पट्टी पात्याला क्लॅम्प करा, खाली टाकाऊ फळी ठेवा आणि पात्याच्या भोकातूनच लाकडात ड्रिल करा. पहिलं भोक पडलं की त्यात सळईचा तुकडा घाला, म्हणजे दुसरं पाडताना पट्टी सरकत नाही. दुसऱ्या पट्टीलाही असंच. सगळं कोरडंच जोडून बघा. सळई बोटाने ढकलून आत गेली पाहिजे. ठोकून घातलीत तर लाकूड तडकतं.

बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. पट्ट्यांचं पात्याकडचं तोंड चिकटवण्याआधीच गोल करून, ४०० नंबरपर्यंत घासून, पूर्ण करून ठेवा. दोन्ही पट्ट्या सळईवर एकत्र ओवून घासल्या की तोंडं सारखी येतात. नंतर तिथे कागद फिरवला तर पात्यावर ओरखडे उठतात.

पात्याच्या धारेवर पुठ्ठा आणि टेप गुंडाळा. पोलाद खरबरीत करून ॲसिटोनने पुसा. पाच मिनिटांत धरणारं नको, साधं अरल्डाइट घ्या, दोन्ही ट्यूबमधून समान. ते लावून पट्ट्या सळयांसकट बसवा आणि क्लॅम्प बेताने आवळा. फार आवळला तर चिकटवायला काही उरतच नाही, सगळं बाहेर येतं. तोंडाशी आलेला ओघळ ओला असतानाच पुसा. पुढे पूर्ण एक दिवस हात लावू नका.

आकार कानशीने द्या, मग १२०, २२०, ४०० असे कागद. मास्क हवाच, शिसवाची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते. पितळ घासताना मधूनमधून हात लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा. सळईतून उष्णता आत जाते आणि अरल्डाइट मऊ पडतं. घासायच्या मशीनचा बेल्ट वापरणार असाल तर पात्याचं पाणी उतरायचाही धोका असतो, म्हणून पहिली मूठ हातानेच घासा असं मी आग्रहाने सांगेन.

शेवटी कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, जास्तीचं पुसून, दोन हातांत काही दिवसांचं अंतर. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं नको, ते वाळत नाही आणि पुढे खवट वास येतो. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून मोकळ्यावर पसरून ठेवा.