चौथ्या शतकातल्या रोमन सैनिकाला पिशवी कुठली द्यायची?

प्रश्न : नमस्कार सर, मी हौस म्हणून मॉडेल बनवतो, सध्या चौथ्या शतकातला रोमन सैनिक चाललाय. ढाल, भाला, बेल्ट झालं, पण सामान कशात देऊ तेच सुचेना. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर कोरलेले सैनिक काठीला पिशवी, जाळी, भांडी अडकवून चाललेत, तेच कॉपी केलं तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका करू. तो स्तंभ 113 सालचा, तुमचा माणूस त्यानंतर दोनेकशे वर्षांनी जन्मलेला, मधल्या काळात शिरस्त्राण, ढाल, तलवार सगळंच बदललं, मग पिशवी तेवढी जुनीच राहिली असं कशावरून धरायचं?

रोममधली सम्राट कॉन्स्टंटाइनची कमान बघा, 315 सालची. तिथं सैन्य मिलानहून निघतानाचं दृश्य आहे, सामान लादलेला उंटसुद्धा दिसतो, पण सैनिकांच्या खांद्यावर ओझं नाही. मात्र फोटो बघताना सांभाळून, कारण त्याच कमानीवर ट्राजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस या आधीच्या सम्राटांच्या काळातली जुनी शिल्पं दुसरीकडून काढून बसवलीत, ती मोठी आणि देखणी, त्यामुळे नजर आधी तिकडेच जाते. तुमच्या कामाची आहे ती कॉन्स्टंटाइनच्याच काळात कोरलेली अरुंद पट्टी, बुटक्या, मोठ्या डोक्यांच्या माणसांची.

पण शिल्पात ओझं नाही म्हणजे सैनिक रिकामा चालायचा असं अजिबात नाही हं. अमिआनुस हा चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार स्वतः सैन्यात अधिकारी होता, तो लिहितो की 358 च्या मोहिमेत ज्युलियनच्या (हा पुढे सम्राट झाला) सैनिकांनी 17 दिवसांचं धान्य अंगावर वाहून नेलं. युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक वेगेटियस तर म्हणतो, नव्या पोरांना 60 रोमन पौंड, म्हणजे जवळपास 20 किलो, उचलून चालायची सवय लावा. मोहिमेवर खायला बुकेलाटुम असायचं, पुन्हा भाजून कडक केलेला पाव, आपल्या टोस्टसारखा. दिवसाला अर्धा किलो धरला तरी 17 दिवसांचे साडेआठ किलो होतात, आणि टोस्ट वजनाला हलका पण जागा भरपूर खातो, त्यामुळे कमरेची छोटी बॅग इथं कामाचीच नाही.

मी असतो तर तोंड दोरीनं बांधलेलं जाडंभरडं पोतं खांद्यावर दिलं असतं, वर गुंडाळलेला झगा, शेजारी पाण्याचं भांडं, बस. चकचकीत बकलं, फॅन्सी कप्पे नकोत, त्यांना आधार नाही. आणि प्रदर्शनात ठेवाल तेव्हा खाली स्पष्ट लिहा : पोत्याचा आकार अंदाजे, वजन ग्रंथांवरून.