तिजोरीची किल्ली : पगार कापतील का हो?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या लेखिका कोषागारातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

या महिन्याच्या टपालात एकच धास्ती वेगवेगळ्या अक्षरांत आली आहे. ‘सरकारकडे पैसे नाहीत म्हणतात, मग आमचं काय?’ तेहतीस वर्षं मी देयकं पास केली, आक्षेप काढले, शिव्याही खाल्ल्या. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आवडेल. थोडं लांबेल.

प्रश्न : मी तहसील कार्यालयात लिपिक आहे. घराचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो. ऑफिसात रोज चर्चा असते की २०२० सारखा पगार पुन्हा कापणार. सरकारला असा पगार कापता येतो का?

आधी २०२० चं नीट आठवू या, कारण त्या वेळी नेमकं काय झालं हे निम्म्या लोकांना चुकीचं आठवतं. ३१ मार्च २०२० ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी जाहीर केलं, की लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ आणि ब वर्गाचे ५० टक्के आणि क वर्गाचे २५ टक्के कापणार, ड वर्गाला हात लावणार नाही. ओरड झाली आणि लगेच खुलासा आला : कपात नाही, मार्चचं वेतन दोन टप्प्यांत देऊ. मी ब वर्गात. एप्रिलमध्ये खात्यात निम्मा पगार आला तेव्हा, लोकांना नियम समजावणारी मीच, स्लिप घेऊन खुर्चीत बसून राहिले होते. उरलेला भाग नंतर आला.

‘कापला’ आणि ‘नंतर देऊ’ यांतला फरक शाब्दिक वाटतो, पण कायद्यात तो फार मोठा आहे. राज्याच्या कर्मचाऱ्यांचे पगार कमी करायला लावण्याची तरतूद घटनेत स्पष्ट शब्दांत आहे ती अनुच्छेद ३६० मध्ये, म्हणजे आर्थिक आणीबाणीत. ती आणीबाणी या देशात आजवर एकदाही जाहीर झालेली नाही. म्हणून राज्यं कापण्याऐवजी ढकलण्याच्या वाटेनं जातात. केरळनं २०२० मध्ये पाच महिने दरमहा सहा दिवसांचा पगार राखून ठेवायचा आदेश काढला, उच्च न्यायालयानं तो अडवला, तर सरकारनं अध्यादेश काढला. आंध्र प्रदेशानं मार्च-एप्रिल २०२० चे पगार आणि पेन्शन अर्धवट दिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला : राखून ठेवलेल्या रकमेवर सहा टक्के व्याज द्या. उच्च न्यायालयानं बारा टक्के सांगितले होते, ते निम्म्यावर आले. पण केलेल्या कामाचा पगार हा कर्मचाऱ्याचा हक्कच, हे कोर्टानं मान्य केलं.

ढकलण्याचा सर्वांत प्रामाणिक नमुना मला हिमाचलचा वाटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे पगार १ ऐवजी ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला दिली गेली. मुख्यमंत्र्यांनी कारण उघड सांगितलं : केंद्राचं अनुदान ६ तारखेला येतं, करांतला वाटा १० तारखेला, १ तारखेला पगार द्यायचा तर कर्ज काढावं लागतं, त्याचं महिन्याला सुमारे ३ कोटी व्याज वाचेल. राज्याची रोकड अशी घरखर्चाच्या डब्यासारखीच चालते. कमी पडलं की रिझर्व्ह बँकेकडून अर्थोपाय आगाऊ रक्कम, म्हणजे थोड्या दिवसांची उसनवारी, घ्यायची, त्यापलीकडे गेलं की ओव्हरड्राफ्ट. तोही ठरलेल्या दिवसांपलीकडे राहिला तर बँक सरकारची देणी चुकती करायचं थांबवते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : मूळ पगार कापला जाण्याची भीती मनातून काढा. उशिराची काढू नका. हप्त्याची तारीख बँकेत अर्ज देऊन १० करून घ्या. हे सर्वांत स्वस्त औषध.

प्रश्न : सातव्या वेतन आयोगाची थकबाकी पाच हप्त्यांत देतो म्हणाले, ते हप्तेही लांबले. आता आठवा आयोग येतोय. हा पैसा दिला की दिला नाही, हेच कळत नाही.

तुमचा गोंधळ रास्त आहे, कारण तो पैसा दिलाही आणि दिला नाहीही.

सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू, प्रत्यक्ष पगारात आला जानेवारी २०१९ पासून. मधल्या तीन वर्षांचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत, आणि तो रोखीनं नाही, भविष्य निर्वाह निधीत. (नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांची आणि निवृत्तांची सोय वेगळी होती.) आता गंमत पाहा. भविष्य निर्वाह निधी लोकलेख्यात, म्हणजे लोकांची ठेव म्हणून सरकार सांभाळतं त्या हिशेबात असतो, सरकारच्याच हातात. हप्ता जमा झाला की हिशेबात पगाराचा खर्च पडतो, तुमच्या खात्यात आकडा वाढतो, पण एक रुपयाही तिजोरीबाहेर जात नाही. तुमच्याकडूनच घेतलेलं ते कर्ज असतं, ७.१ टक्क्यांनी. कर्जरोख्यांच्या बाजारात न जाता मिळालेलं. तरीही जून २०२० मध्ये दुसरा हप्ता वर्षभर पुढे ढकलला गेला, यावरून तेव्हाची तंगी समजा.

महागाई भत्त्याचं दुखणं याहून वाईट. केंद्रानं २०२० च्या जानेवारी आणि जुलैचे आणि २०२१ च्या जानेवारीचा असे तीन हप्ते गोठवले आणि जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून एकदम २८ टक्के केला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिलीच नाही. त्यातून ३४,४०२ कोटी वाचल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. पगार कापला असं कुणी म्हणू शकत नाही, पण त्या अठरा महिन्यांत बाजारातली महागाई काही गोठली नव्हती. माझ्या मते तीच खरी कपात.

आठव्या आयोगाला अहवालासाठी अठरा महिने दिले आहेत. राज्य त्यानंतर आपला निर्णय घेईल. थकबाकी साचणार हे गृहीत धरा, पण त्या रकमेवर आजच लग्नाचा हॉल बुक करू नका.

प्रश्न : लाडक्या बहिणींना पंधराशे देतात आणि आमचे देय लाभ थकतात. आमच्याच ताटातलं काढून वाढलं जातंय, हे तुम्ही स्पष्ट का लिहीत नाही?

लिहिते, पण आकडे बघून. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी धरला होता. तूट ४५,८९१ कोटी. त्याच वर्षी या योजनेला ३६,००० कोटी होते. म्हणजे योजना नसती तरी तूट राहिलीच असती, फक्त खूप लहान. दुसरीकडे पगार, पेन्शन आणि व्याज मिळून महसुली जमेच्या निम्म्याहून जास्त घेतात. उद्या एखादी बहीण विचारेल की ताट नक्की कुणाचं, तर मला पटकन उत्तर सुचणार नाही.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक रकमेपुढे ‘भारित’ किंवा ‘दत्तमत’ लिहिलेलं असतं. व्याज भारित असतं, त्यावर विधिमंडळात मतदानच होत नाही. ते आधी जातं. तुमचा पगार दत्तमत, म्हणजे मतदानानं मंजूर होणारा, पण राजकारणात तो भारितासारखाच, कारण १ तारखेला सतरा-अठरा लाख घरं वाट पाहत असतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी तेवढे लोक आठवडाभर संपावर गेले, तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. मग तूट कुठे भरून निघते? बोलता न येणाऱ्या ठिकाणी. ४ मे २०२० चा शासन निर्णय काढून वाचा : वर्षाच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी आणि आरोग्य सोडून नवी भरती बंद. नोकरीवर असलेल्याचा पगार राहिला; जो मुलगा दोन वर्षं अभ्यास करत बसला होता त्याची जागा गेली. शेजारचं टेबल रिकामं राहिलं की त्या टेबलाची फाइल तुमच्याकडे येते. हेही वेतनावरचंच ओझं, स्लिपवर न दिसणारं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मैत्रीण कलेक्टर कचेरीत. तिचा पगार १ तारखेला, माझा कधी ९, कधी १४. सरकार एकच ना?

सरकार एक, रस्ते दोन. तिचं देयक सेवार्थ या संगणकीय वेतन प्रणालीवर तयार होतं आणि आहरण अधिकाऱ्याच्या, म्हणजे कार्यालयाच्या वतीनं पैसे काढणाऱ्याच्या, सहीनं थेट कोषागारात येतं. तुमचं शाळांसाठीच्या शालार्थ प्रणालीवर मुख्याध्यापकाकडून पंचायत समितीत, तिथून जिल्हा परिषदेत आणि मग कोषागारात. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी रजेवर असतो. त्यात तुमचा पैसा अनुदान म्हणून येतो. बीम्सवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) अनुदान चढलं नसेल तर देयक कितीही शुद्ध असो, पुढे सरकत नाही.

दोन महिने विशेष जपा. फेब्रुवारी, कारण तोवर वर्षाची तरतूद संपत आलेली असते आणि पुरवणी मागण्यांतून आलेलं खाली पोचायला वेळ लागतो. आणि एप्रिल, कारण मार्चचा पगार नव्या वर्षाच्या तरतुदीतून निघतो आणि ती वाटप व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात.

एक कबुलीही देते. देयक दिलं की पोच म्हणून पितळी टोकन मिळायचं त्या काळातली, ३१ मार्चची रात्र. देयकांचे गठ्ठे गुडघ्याएवढे, चहाचे ग्लास रजिस्टरवर, खिडकीबाहेर टोकन मुठीत धरून उभे कारकून. सव्वादहाला एका तालुक्याचं शिक्षकांचं थकीत देयक माझ्यासमोर आलं. लेखाशीर्षातला, म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा त्या क्रमांकातला, एक आकडा चुकला होता. मी आक्षेप लावून परत दिलं. नियमानं बरोबरच होतं. तो कारकून दुरुस्ती करून आला तेव्हा बारा वाजून गेले होते आणि अनुदान व्यपगत झालं होतं, म्हणजे वर्ष संपल्यानं हातचं गेलं होतं. त्या शिक्षकांना ती रक्कम ऑगस्टमध्ये मिळाली. तो काही बोलला नाही. टोकन टेबलावर ठेवून गेला. आज मी असते तर उठून त्याच्याकडून तो आकडा तिथेच दुरुस्त करून घेतला असता.

प्रश्न : पेन्शन उशिरा आली तर दाद मागता येते का?

येते. पेन्शन ही बक्षिसी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयातल्या नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ ला ठरलं; म्हणून तर पेन्शनर दिन १७ डिसेंबरला. त्या घटनापीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते आणि वर सांगितलेला आंध्रचा निकाल त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाचा. पण दोन-चार दिवसांच्या उशिरासाठी कोर्टात जाऊ नका. वकिलाची फी व्याजापेक्षा जास्त होईल.

प्रश्न : सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत डाटा एंट्रीचं काम करते. चार महिने पगार नाही. एजन्सी म्हणते, सरकारनं बिल दिलं नाही. साहेब म्हणतात, अनुदान नाही.

तूट आली की पहिला दणका तुम्हाला बसतो, कारण तुमचा पगार ‘वेतन’ या शीर्षाखाली नसतोच. तो कंत्राटी सेवेचं बिल असतो आणि बिल थांबवायला कुणाला अध्यादेश लागत नाही. पण कंत्राटदारानं मजुरी थकवली तर मूळ मालकानं ती द्यायची, हे १९७० पासून कायद्यात आहे, आणि तुमचा मूळ मालक ते कार्यालय आहे. कार्यालयप्रमुखांच्या नावे अर्ज लिहा. महिनेवार थकलेली रक्कम, हजेरीची प्रत आणि एजन्सीच्या नेमणूकपत्राची प्रत जोडा. एक प्रत सहायक कामगार आयुक्तांना. आवक शाखेतून पोच घेताना शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही आहेत का, तिथेच उभं राहून बघा. क्रमांक नसलेला अर्ज आला नव्हता असं सांगणं फार सोपं असतं.