परत यायचंय, पण निघवत नाही

प्रश्न : ताई, आमची मुलगी पीस कोअरमधून, म्हणजे स्वयंसेवकांना परदेशी पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारच्या संस्थेतून, एका खेड्यातल्या शाळेत शिकवते आहे. तीन महिन्यांत तिची मुदत संपते. सोमवारी फोनवर म्हणते, "आई, कधी एकदा घरी येते असं झालंय." गुरुवारी तीच रडत सांगते की इथून पायच निघत नाही, मुदत वाढवून घेऊ का? तिचे बाबा म्हणतात, आत्तापासून नोकरीचे अर्ज टाकायला लाग. त्यावरून बाप-लेकीचं चांगलंच वाजलं. आम्ही नेमकं काय करावं? — एक आई

उत्तर : तुमच्या मुलीचं काहीही बिनसलेलं नाही. सोमवारचं बोलणं खरं आहे आणि गुरुवारचंही. आपल्याकडे मात्र मुलं असं तळ्यात-मळ्यात करायला लागली की लगेच "एकदा काय ते नक्की ठरव" हे वाक्य तोंडावर येतं. एवढे तीन महिने ते गिळून टाका.

तुम्ही दोघंही कधीतरी घर सोडून परदेशी आलात, त्यामुळे निरोपाचं दुःख आपल्याला ठाऊक आहे असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही निघालात तेव्हा मागचं घर तुमचंच राहणार होतं, मनात आलं की जाता येणार होतं. तिला उद्या त्या गावात जाता येईल, तेही पाहुणी म्हणून. त्या वर्गाची बाई म्हणून नाही. तिच्या जागी दुसरं कुणी येईल किंवा येणारही नाही, आणि मुलं आत्तापासूनच विचारत असतील, "बाई, तुमच्यानंतर कोण?"

त्यात सामानाचा प्रकार असतो. स्वयंसेवक निघणार हे कळलं की "जाताना सायकल मला द्या हं", "ती बादली ठेवून जा" अशी मागणी सुरू होते. मागणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. वस्तू चांगली आहे आणि ती जाणार आहे, एवढा साधा हिशेब असतो. पण आपण अजून इथे आहोत आणि आपली वाटणी चालली आहे, हे ऐकणाऱ्याला फार लागतं. तिला सांगा, कुणाला काय द्यायचं ते आधी लिहून काढ आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत तोंडातून काढू नकोस. शाळेच्या उपयोगाचं ते शाळेला दे. एका घरी सायकल गेली आणि शेजारच्या घरी काहीच नाही, तर तिच्यामागे गावात रुसवेफुगवे राहतील.

मुदतवाढीबद्दल तिला एकच गोष्ट विचारा : वाढीव महिन्यांत तू काय करणार आहेस? "सहामाही परीक्षेपर्यंत नव्या शिक्षिकेबरोबर वर्ग घेणार" असं नेमकं उत्तर आलं, तर खुशाल अर्ज करू दे. "सगळं अर्धवट टाकून जाववत नाही" एवढंच असेल, तर ते अर्धवटपण सहा महिन्यांनीही तसंच असेल. कोणतंही गाव कुणा स्वयंसेवकाच्या मुदतीत पुरं होत नाही. त्यापेक्षा वही घेऊन बसावं. कोणता मुलगा कुठे अडतो, कपाटाची किल्ली कुणाकडे असते, कोणत्या पालकाशी घरी जाऊनच बोलावं लागतं, हे उतरवून काढावं. नंतर येणाऱ्याला याचा उपयोग कुठल्याही अहवालापेक्षा जास्त होतो.

निरोप घेण्याला मी एवढं महत्त्व देते त्याला कारण आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे पीस कोअरने ६०हून अधिक देशांतले जवळजवळ ७,००० स्वयंसेवक एकदम परत बोलावले. १९६१ साली सुरू झालेल्या या संस्थेत सगळ्याच्या सगळ्यांना माघारी आणण्याची ती पहिलीच वेळ. कित्येकांना शेजाऱ्यांना भेटायलाही सवड मिळाली नाही. तुमच्या मुलीकडे तीन महिने आहेत. ते तिने नोकरीचे अर्ज भरण्यात घालवावेत, हे मला पटत नाही.

आणि बाबांची काळजी? ती रास्त आहे, पण घाई नको. पूर्ण २७ महिने सेवा केलेल्याला पीस कोअर शेवटी १०,००० डॉलर्सहून अधिक रक्कम देते, ती मुळी पुन्हा बस्तान बसवण्यासाठीच असते. रुळायला वेळ लागणार हे संस्थेनेच धरलेलं आहे. बाबांना काही करायचंच असेल, तर सेवेचा अधिकृत दाखला आणि मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र तिथे असतानाच हातात घे, एवढी आठवण करून द्यावी. निघाल्यावर ती पत्रं मिळवणं जिकिरीचं होतं.

खरी परीक्षा ती घरी आल्यावर आहे आणि ती तुमचीही आहे. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या संशोधकांनी १९६३ मध्येच मांडलं होतं की परक्या देशात रुळताना जशी मनाची घसरण होते, तशीच दुसरी घसरण मायदेशी परतल्यावर होते. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, पण झालं तर दचकू नका. पहिले आठ-दहा दिवस कौतुकाचे जातील. मग ती दुकानात साबणाच्या रांगेसमोर नुसती उभी राहील, किंवा जेवताना "तिथे असं नव्हतं" म्हणत राहील. "आता पुरे झालं तुझं ते गाव" असं कुणी चेष्टेतही म्हणू नये. सगळ्या नातेवाइकांना पहिल्याच रविवारी घरी बोलावू नका. "कसं होतं गं तिकडे?" या प्रश्नाला दोन वर्षांचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. तुझ्या वर्गातलं सगळ्यात वांड पोर कोणतं, असं विचारून बघा.

एक औषधाचं. मलेरियाच्या भागात असेल, तर तिथून निघाल्यावरही मलेरिया टाळण्याच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. डॉक्सीसायक्लीन असेल तर पुढचे चार आठवडे. घरी पोचलो म्हणून पुष्कळ जण त्या सोडून देतात. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला, तर साधा फ्लू समजून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि ती कोणत्या देशात राहून आली आहे, हे आधी सांगा.